वय कोणत्या दिवशी मोजावे? : बालगुन्हेगार, तुरुंग आणि एका क्रियापदाचा अर्थ

भारतातील बालगुन्हेगारविषयक कायद्याचा इतिहास सामान्यतः संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. सुधारशाळा, रिमांड होम, बालन्यायालय, विशेषगृह अशी एकामागून एक निघालेली स्थळे त्यात येतात आणि त्यांच्या भिंतींच्या आत मुलांचे काय झाले ह्याची चर्चा होते. ही चर्चा आवश्यकच आहे. तथापि ह्या इतिहासाला दुसरी एक बाजू आहे व ती भाषेच्या अभ्यासकाच्या अधिक जवळची आहे. कायद्यातील एखाद्या वाक्याचा काळ कोणता, त्यातील क्रियापद कोणत्या क्षणाकडे बोट दाखविते, ह्यावर एखादा मुलगा गृहात राहील की प्रौढांच्या तुरुंगात जाईल हे अनेकदा ठरले आहे. २००० ते २००५ ह्या पाच वर्षांत तर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात ‘इज’ ह्या एका इंग्रजी क्रियापदावर येऊन ठेपला होता.

आरंभीच एक खुलासा अवश्य आहे. पुढील खटल्यांचा निर्देश पक्षकारांच्या नावांनी न करता स्थळ व वर्ष ह्यांनी केलेला आहे. बालगुन्हेगाराचे नाव छापू नये असे कायदा सांगतो. पण खटल्याचे शीर्षक आरोपीच्या नावाने होत असल्यामुळे विधिवृत्तांच्या खंडांत नेमके तेच नाव ठळक अक्षरांत कायमचे छापले गेलेले आढळते. २०२० च्या दिल्लीच्या खटल्यात उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आलेले मुलाचे नाव काढून टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, ह्यावरून ही सवय किती खोलवर गेलेली आहे ते दिसून येईल.

ह्या प्रश्नाचे मूळ १८९७ च्या सुधारशाळा अधिनियमापर्यंत नेता येते. त्यापूर्वी १८७६ मध्ये त्याच नावाचा एक अधिनियम झाला होता आणि मुंबईत तर डेव्हिड ससून ह्यांच्या नावाची औद्योगिक व सुधारशाळा १८५७ पासूनच चालू होती. १८९७ च्या अधिनियमाने ज्याला ‘तरुण गुन्हेगार’ म्हटले तो केवळ मुलगा होता. मुलींचा त्यात समावेश नव्हता. काळ्या पाण्याच्या अथवा कारावासाच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा ज्याच्यावर शाबीत झाला आहे आणि दोषी ठरतेवेळी ज्याचे वय पंधरा वर्षांहून कमी होते, असा मुलगा म्हणजे तरुण गुन्हेगार. न्यायालय आधी त्याला शिक्षा ठोठावी आणि मग ती भोगण्याऐवजी त्याला तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवावे असा हुकूम देऊ शके. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, ह्या व्यवस्थेत तुरुंग हे मूळ स्थान होते व सुधारशाळा हा अपवाद. बदली व्हावयाची ती तुरुंगाकडून शाळेकडे. दुसरी ही की, वय मोजण्याचा दिवस अधिनियमाने स्वच्छ शब्दांत सांगितला होता. तो दोषी ठरण्याचा दिवस होता. तो योग्य होता की नाही हा प्रश्न वेगळा. संदिग्ध मात्र तो नव्हता.

पुढे मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) ह्या इलाख्यांनी मुलांसाठी स्वतंत्र अधिनियम केले. मुंबईचा अधिनियम १९४८ मध्ये नव्याने रचण्यात आला, आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी संसदेने १९६० मध्ये आपला अधिनियम केला. ह्या मालिकेने व्यवस्थेची दिशा उलटी केली. आता मुलासाठी गृह हे मूळ स्थान झाले. १९८६ चा बालन्याय अधिनियम सर्व देशाला (जम्मू-काश्मीर वगळून) लागू झाला तेव्हा ही दिशा पक्की झाली. सोळा वर्षे पूर्ण न झालेला मुलगा आणि अठरा वर्षे पूर्ण न झालेली मुलगी ह्यांना मृत्युदंड देता येणार नाही, कारावास देता येणार नाही, दंड न भरल्याबद्दलही तुरुंगात धाडता येणार नाही, असे त्याने सांगितले. चौदा वर्षांवरील मुलाचा गुन्हा फारच गंभीर असेल तर त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवून राज्य शासनाला कळवावे एवढीच सवड एका परंतुकाने ठेवली होती.

त्याच वर्षी, १३ ऑगस्ट १९८६ रोजी, मुंबईच्या पत्रकार शीला बारसे ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या तुरुंगांतील मुलांविषयी आदेश दिले. मुले तुरुंगात असता कामा नयेत, राज्यांनी त्यांच्यासाठी गृहे काढावीत आणि ह्या विषयावर केंद्रीय कायदा व्हावा, असा त्यांचा आशय होता. कायद्यात नसलेली मुले तुरुंगात होती, हेच त्या आदेशांतून उघड झाले.

मग ती मुले तेथे जात कशी? बालगुन्हेगाराला गृहातून काढून प्रौढांच्या तुरुंगात पाठवावे असा हुकूम देण्याचा अधिकार १९८६ च्या अधिनियमाने कोणत्याही न्यायालयाला दिलेला नव्हता. अमेरिकेतील अनेक राज्यांत बालन्यायालय आपला अधिकार सोडून देऊन खटला प्रौढांच्या न्यायालयाकडे पाठवू शके, आणि अशा हुकुमापूर्वी सुनावणी झालीच पाहिजे असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ठरविले होते. भारतात असा हुकूमच नसल्याने त्याची सुनावणीही नव्हती. बदली होत असे ती व्याख्येच्या दारातून. मुलगा ‘अल्पवयीन आहे’ असे म्हटले की तुरुंगाचे दार बंद. ‘अल्पवयीन नाही’ असे म्हटले की ते पूर्णपणे उघडे, अगदी जन्मठेपेपर्यंत आणि फाशीपर्यंत. ह्यामुळे ‘आहे’ ह्या शब्दावर जेवढा भार पडला तेवढा तो पेलण्याची शक्ती त्या शब्दात नव्हती.

१९८६ च्या अधिनियमाचे कलम ३२ सक्षम अधिकाऱ्याने वयाची चौकशी कशी करावी हे सांगते. त्याचा आशय असा : आपल्यासमोर आणलेली व्यक्ती अल्पवयीन ‘आहे’ असे अधिकाऱ्याला दिसून आले तर त्याने तिच्या वयाची रीतसर चौकशी करावी आणि ती व्यक्ती अल्पवयीन ‘आहे’ किंवा नाही ह्याविषयी निष्कर्ष नोंदवावा. दोन्ही ठिकाणी मूळ इंग्रजीत ‘इज’ आहे. आता हे ‘इज’ कधीचे? चौकशीच्या दिवसाचे की गुन्ह्याच्या दिवसाचे? ‘बालगुन्हेगार’ ह्या संज्ञेची व्याख्याही साहाय्याला येत नाही. ज्याने गुन्हा केल्याचे आढळून आले आहे असा अल्पवयीन, अशी ती आहे. करणे, आढळणे आणि अल्पवयीन असणे अशा तीन क्रिया एका वाक्यात गुंफल्या आहेत. पण त्यांतील तिसरी पहिलीशी समकालीन की दुसरीशी, हे वाक्याच्या रचनेवरून कळत नाही.

मराठीत हेच वाक्य लिहावयाचे झाल्यास लेखकाला अधिक स्पष्ट व्हावे लागते. ‘मुलगा अल्पवयीन आहे’ हे समोर उभ्या असलेल्याविषयीचे विधान झाले. ‘अल्पवयीन असतो’ म्हटले तर ते एका वर्गाविषयीचे विधान होते. ‘अल्पवयीन होता’ म्हणताच बोट मागे, घटनेकडे वळते. आपल्या कायदेभाषेला प्रिय असलेले ‘असेल’ हे रूप तर नावापुरते भविष्यकाळी आहे. त्यातून काळ नव्हे, संभावना व्यक्त होते. ‘जी व्यक्ती अल्पवयीन असेल ती’ असे लिहून भाषांतरकार प्रश्नातून अंग काढून घेऊ शकतो, परंतु ‘आहे’ आणि ‘होता’ ह्यांपैकी एक लिहावयाचे ठरविले की त्याला न्यायाधीशाचेच काम करावे लागते. इंग्रजी ‘इज’मध्ये ह्यांतील पहिल्या दोन छटा तरी एकत्र नांदतात. सर्वोच्च न्यायालयातील वाद त्या सहवासातून निघाला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

वस्तुतः प्रश्न पूर्वीच सुटलेला होता. १९८२ मध्ये राजस्थानातून आलेल्या एका खटल्यात, त्या राज्याच्या १९७० च्या अधिनियमाचा अर्थ लावताना, न्यायमूर्ती मुर्तझा फझल अली ह्यांच्या निकालपत्राने त्रिसदस्य पीठाचे मत स्पष्ट सांगितले होते की, अधिनियम लागू आहे की नाही हे पाहण्याचा दिवस म्हणजे गुन्हा घडल्याचा दिवस. त्यामागील कारण साधे होते. त्या वयात दोषयुक्त हेतू धरण्याइतकी मनाची परिपक्वता नसते, ह्या गृहीतावर अधिनियम उभा आहे. तेव्हा ज्या क्षणीच्या मनाविषयी हे गृहीत आहे त्याच क्षणी वय पाहिले पाहिजे. वय वाढणे कोणाच्या इच्छेवर अवलंबून नसते. खटला उभा राहीपर्यंत मूल मूल राहणार नाही हे उघडच आहे, आणि म्हणून त्याचे संरक्षण जाऊ नये. ह्यानंतर बंगालमधील एका जन्मठेपेच्या कैद्याने अल्पवयाचा मुद्दा प्रथमच सर्वोच्च न्यायालयात काढला, तेव्हा न्यायमूर्ती दे. आ. देसाई ह्यांच्या पीठाने तोही दाराबाहेर ठेवला नाही. उलट एकवीस वर्षांचा वा त्याहून लहान दिसणारा आरोपी समोर आला की दंडाधिकाऱ्याने आपण होऊन वयाची चौकशी करावी अशी सूचना केली.

असे असता ९ मे २००० रोजी पाटण्याच्या खटल्यात न्यायमूर्ती के. टी. थॉमस व आर. सी. लाहोटी ह्यांच्या द्विसदस्य पीठाने नेमका उलट निर्णय दिला. सप्टेंबर १९९८ मधील एका खुनाचा तो खटला होता. आरोपीने सांगितलेली जन्मतारीख खरी धरली तर घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आतच त्याला सोळावे वर्ष पूर्ण होत होते. पीठाने कलम ३२ मधील दोन ‘इज’ आणि ‘समोर आणलेली व्यक्ती’ हे शब्द एकत्र वाचले व वय मोजण्याचा दिवस म्हणजे आरोपीला सक्षम अधिकाऱ्यासमोर आणल्याचा दिवस, असे ठरविले. ‘इज’ हा वर्तमानकाळ. वर्तमानकाळ म्हणजे चौकशीचा वर्तमान. अशी ही सरणी आहे. व्याकरणदृष्ट्या ती चूक म्हणता येणार नाही. अधिनियमातील बहुतेक तरतुदी समोर उभ्या असलेल्या मुलाला कोठे ठेवावे, कोणाच्या हवाली करावे, ह्याविषयीच आहेत हेही खरे. पंचवीस-तीस वर्षांच्या इसमाला मुलांच्या गृहात कसे ठेवावयाचे, ही व्यावहारिक अडचणही तिच्या बाजूने मांडता येते.

परंतु ह्या सरणीत एक मोठी उणीव राहिली. आरोपीला केव्हा पकडावे आणि केव्हा हजर करावे हे पोलिसांच्या हाती असते. तेव्हा समोर आणल्याचा दिवस निर्णायक धरल्यास मुलाला मिळणारे संरक्षण तपासाच्या गतीवर अवलंबून राहते. एकाच रात्री एकाच गुन्ह्यात सापडलेल्या समवयस्क दोघांपैकी एक दुसऱ्या दिवशी हजर झाला आणि दुसरा वर्षाने, तर एक गृहात जाईल आणि दुसरा तुरुंगात. दोघांच्या कृत्यात किंवा मनात मात्र तिळमात्र अंतर नसेल. शिवाय संहिताकारांना हजर होण्याचा दिवसच अभिप्रेत असतो तेव्हा ते तसे उघड लिहितात, ह्याचे उदाहरण हाताशी होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७ मध्ये, न्यायालयापुढे हजर होण्याच्या किंवा आणले जाण्याच्या तारखेस ज्याचे वय सोळा वर्षांहून कमी आहे असा आरोपी, असे शब्द आहेत. एका विषयावरील एका कायद्यात दिवस सांगितलेला असावा आणि दुसऱ्यात नसावा, ह्या फरकाला अर्थ आहे. क्रियापदाच्या काळावर एवढी मोठी इमारत उभी करण्यापूर्वी ह्या शेजारच्या वाक्याकडे पाहावयास हवे होते.

त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, १९८२ चा त्रिसदस्य पीठाचा निर्णय ह्या पीठाच्या ध्यानातच आला नव्हता. पुनर्विलोकनाच्या निमित्ताने प्रकरण २००१ मध्ये तीन न्यायाधीशांपुढे गेले. दोन निर्णयांतील विसंगती त्यांच्या निदर्शनास आणून देण्यात आली. तथापि पाटण्याचा आरोपी घटनेच्या दिवशीही अल्पवयीन नव्हता असा खालच्या न्यायालयांचा निष्कर्ष असल्यामुळे हा वाद तात्त्विक ठरतो, असे म्हणून त्यांनी उत्तर देण्याचे टाळले. म्हणजे ज्या खटल्यात त्या प्रश्नावर काहीच अवलंबून नव्हते त्या खटल्यातून तो नियम निघाला आणि ज्यांचे सर्वस्व त्याच्यावर अवलंबून होते अशा खटल्यांना तो लागू होऊ लागला.

अशांपैकी एक बोकारोचा होता. ३१ डिसेंबर १९९८ रोजी विषप्रयोगाने झालेल्या एका मृत्यूच्या कटात एका मुलाला आरोपी करण्यात आले. शाळेच्या दाखल्यावरून बालन्यायालयाने घटनेच्या दिवशी त्याचे वय पंधरा वर्षे तेरा दिवस काढले. सत्र न्यायालयाने मात्र पाटण्याच्या निर्णयाचा आधार घेऊन, हजर केल्याचा दिवस न पाहण्यात बालन्यायालयाची चूक झाली असे ठरविले व वयाची फेरचौकशी सांगितली. उच्च न्यायालयानेही तेच मत स्वीकारले. अखेर प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेले आणि २ फेब्रुवारी २००५ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती एच. के. सेमा ह्यांनी मुख्य निकालपत्र लिहिले, न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा ह्यांनी स्वतंत्र पण सहमतीचे. कलम ३२ मधील ‘इज’ हा शब्द, गुन्ह्याच्या दिवशी जो अल्पवयीन होता त्याच्याशीच संबद्ध आहे, असे घटनापीठाने म्हटले. १९८२ चा निर्णय योग्य आणि २००० चा अयोग्य ठरला.

भाषेच्या दृष्टीने घटनापीठाने काय केले हे पाहणे उद्बोधक आहे. त्याने ‘इज’चा काळ बदलला नाही, त्याचे उद्देश्य बदलले. पाटण्याच्या निकालात ‘आहे’चे उद्देश्य समोर उभा असलेला देह होता. बोकारोच्या निकालात ते ‘ज्याने अमुक दिवशी अमुक केले असे म्हटले जाते तो’ असे झाले. चौकशी आजची आहे, निष्कर्ष आजचा आहे, म्हणून क्रियापद वर्तमानकाळी. पण निष्कर्ष ज्याच्याविषयी आहे तो मागच्या दिवशीचा. ‘हा आरोपी बालगुन्हेगार आहे’ असे आपण चाळिशीतल्या माणसाविषयीही अर्थपूर्ण रीतीने म्हणू शकतो, जसे ‘हे गृहस्थ पदवीधर आहेत’ असे म्हणताना पदवीदानाचा दिवस केव्हाच मागे पडलेला असतो. अधिनियमाच्या कलम ३ ला हा अर्थ ठाऊक होता. चौकशी चालू असता अल्पवय संपले तरी, ती व्यक्ती अल्पवयीनच राहिली आहे ‘ॲज इफ’, म्हणजे जणू, अशा रीतीने चौकशी पुरी करावी, असे ते कलम म्हणते. कायद्याला वर्तमानाची एवढी ओढ असती तर त्याने हा ‘जणू’ लिहिला नसता.

दरम्यान २००० चा नवा अधिनियम १ एप्रिल २००१ पासून अमलात आला होता. त्याने मुलांसाठीही वयाची मर्यादा अठरा केली. पण व्याख्येतील जुनी संदिग्धता तशीच ठेवली. घटनापीठाच्या निर्णयानंतर संसदेने २००६ मध्ये ती दूर केली. व्याख्येच्या शेवटी, गुन्हा घडल्याच्या तारखेस ज्याला अठरा वर्षे पूर्ण झालेली नाहीत, अशा अर्थाचे शब्द जोडण्यात आले आणि अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा काढता येईल अशी तरतूद झाली. १८९७ मध्ये जे एका उपवाक्यात सांगितले गेले होते ते पुन्हा एका उपवाक्यात सांगावयास एकशे नऊ वर्षे लागली. फक्त दिवस बदलला. ह्याचा परिणाम किती दूरवर पोचला हे राजस्थानच्या २००९ मधील निर्णयावरून दिसते. नोव्हेंबर १९९८ मध्ये गुन्हा घडला त्या दिवशी आरोपीने सोळा ओलांडून महिना-दीड महिना झाला होता. म्हणजे त्या दिवशीच्या कायद्याने तो प्रौढ होता. न्यायमूर्ती अल्तमस कबीर ह्यांच्या पीठाने सुधारित कायदा मागील घटनांनाही लागू धरला आणि त्या दिवशीचा प्रौढ अकरा वर्षांनी त्या दिवशीचा मुलगा ठरला.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या भीषण घटनेनंतर वारे फिरले. त्यातील एका आरोपीला अठरा पूर्ण होण्यास काही महिने कमी होते व त्याला तीन वर्षांहून अधिक काळ गृहात ठेवता येत नव्हते. वयाची मर्यादाच घटनाबाह्य ठरवावी, निदान ती मानसिक परिपक्वतेच्या कसोटीने संकुचित करून वाचावी, अशा याचिका झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१४ मध्ये त्या नाकारल्या. शब्द स्वच्छ असताना ते आखडून वाचण्याचे कारण नाही, हे २०१४ च्या निकालाचे सूत्र होते. न्यायालयाने जे केले नाही ते संसदेने केले. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या २०१५ च्या अधिनियमाने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर ‘अतिघोर’ गुन्ह्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळाने त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे, परिणाम समजण्याच्या शक्तीचे व गुन्ह्याच्या परिस्थितीचे प्राथमिक मूल्यमापन करावे आणि योग्य वाटल्यास खटला बालकांच्या सत्र दर्जाच्या न्यायालयाकडे वर्ग करावा, अशी व्यवस्था केली. आतापर्यंत व्याख्येच्या आडून होणारी बदली आता हुकुमाने होऊ लागली.

ह्या अधिनियमाच्या कलम १९ मधील एक वाक्य भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावे. न्यायालयाने दोषी ठरलेल्या ‘बालकाला’ वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुरक्षित स्थानी ठेवावे आणि त्यानंतर त्या ‘व्यक्तीची’ तुरुंगात रवानगी करावी, असे ते आहे. वाक्याच्या आरंभी जे बालक होते ते पूर्णविरामाच्या आधी व्यक्ती झाले. कलम २० ने ह्या रवानगीपूर्वी त्याच्यात सुधारणा झाली आहे काय हे तपासण्याचे व तसे असल्यास सोडून देण्याचे अधिकार न्यायालयाला दिले आहेत, ही जमेची बाजू. फाशी नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप नाही, हेही आहे. परंतु १९८६ पासून जे दार कायद्याने बंद ठेवले होते ते उघडले, हे नाकारता येत नाही.

दार उघडल्यावर पुन्हा शब्दांचाच वाद सुरू झाला. अतिघोर गुन्हा म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो. मग ज्याला कमाल शिक्षा जन्मठेपेची पण किमान शिक्षा कोणतीच नाही, असा सदोष मनुष्यवध कोठे बसवावयाचा? २०२० च्या दिल्लीच्या खटल्यात ‘किमान’ हा शब्द अनावश्यक समजून गाळावा असा युक्तिवाद झाला. न्यायमूर्ती दीपक गुप्ता ह्यांच्या पीठाने तो मानला नाही. विधिमंडळाने लिहिलेला शब्द न्यायालयाने पुसावयाचा नसतो, आणि तो पुसल्याने मूल प्रौढांच्या रांगेत जाणार असेल तर मुळीच नाही. असे गुन्हे ‘गंभीर’ ह्या खालच्या वर्गात धरावेत असे पीठाने सांगितले व संसदेने २०२१ मध्ये कायदा त्याप्रमाणे दुरुस्त केला. गुरुग्रामच्या खटल्यात २०२२ मध्ये वाद ‘मे’ ह्या शब्दावर होता. मूल्यमापनासाठी मंडळ मानसशास्त्रज्ञांचे साहाय्य ‘घेऊ शकेल’ असे परंतुकात आहे. मंडळावर त्या विषयाचा पदवीधर व्यावसायिक नसेल तर ते साहाय्य ‘घेतलेच पाहिजे’ असे सर्वोच्च न्यायालयाने वाचले. ‘मे’चा अर्थ ‘शॅल’ करण्याची ही युक्ती विधिज्ञांना नवी नाही. पण येथे तिच्यामुळे मुलाच्या मनाचा निर्णय केवळ दंडाधिकाऱ्याच्या अंदाजावर सोपविला जाण्यास आळा बसला, हे महत्त्वाचे.

ह्या सर्व चर्चेत गुन्ह्याच्या दिवशीचे वय नक्की सापडते असे गृहीत आहे. व्यवहारात ते बहुधा शाळेच्या नोंदवहीत सापडते, आणि त्या नोंदवहीची विश्वसनीयता ज्यांना ठाऊक आहे त्यांना महाराष्ट्रातील एका पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या एवढी मोठी का, हे सांगावयास नको. गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी अंदाजाने लिहिलेली तारीख पुढे एखाद्याला गृह किंवा तुरुंग मिळवून देते.

ह्याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण पुण्याचे आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी तेथे एका घरातील पाच स्त्रिया व दोन मुले अशा सात जणांची हत्या झाली. त्यातील एका आरोपीला १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ५ सप्टेंबर २००० रोजी, म्हणजे पाटण्याच्या निर्णयानंतर चारच महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयानेही. तोवर त्याच्या वयाचा प्रश्न निघालेला नव्हता. पुढे २००६ च्या दुरुस्तीने व २०१५ च्या अधिनियमाने उघडी ठेवलेली वाट धरून त्याने अर्ज केला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करविली. राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदवहीत १ फेब्रुवारी १९८२ ही जन्मतारीख मिळाली.

अडचण अशी होती की, नोंदवहीतील नाव आणि खटल्यातील नाव वेगळे होते. त्याच्या प्रदेशातल्या बोलीत घडलेले एक नाव पुण्यात येऊन परिचित, संस्कृत वळणाचे दुसरे झाले होते, आणि शिक्षा ह्या दुसऱ्या नावाला झाली होती. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत काय, हे आधी ठरवावे लागले. न्यायमूर्ती के. एम. जोसेफ, अनिरुद्ध बोस व हृषीकेश रॉय ह्यांच्या पीठाने २७ मार्च २०२३ रोजी ती एकाच माणसाची असल्याचे मान्य केले. बारा वर्षांचा मुलगा असे अघोर कृत्य करू शकेल काय, ही शंका पीठाच्या मनालाही शिवली. पण अशा तर्काने वयाच्या पुराव्यावर सावली पडू देता येणार नाही, असे म्हणून त्याने ती बाजूला सारली. घटनेच्या दिवशी तो बारा वर्षे सहा महिन्यांचा होता. त्या वयाच्या मुलाला कायद्याने अधिकात अधिक तीन वर्षे विशेषगृहात ठेवता आले असते. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून तो बाहेर पडला तेव्हा त्याची कैद अठ्ठावीस वर्षांहून अधिक झाली होती.